कागद कोणताही, पण चित्र जागेवरचे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीला होम मैदानावर भरणारी जत्रा, म्हणजे आपला गड्डा, अजून तीन-साडेतीन महिने लांब आहे. पण शाळा आणि मंडळे चित्रकला स्पर्धांची तयारी आता सुरू करतील, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहोत. स्पर्धांचे विषय दरवर्षी ठरलेले असतात: 'माझे सोलापूर', 'सिद्धेश्वर यात्रा', 'आमच्या गावचा बाजार'. नियमही ठरलेले. चित्र पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर हवे, रंगीत हवे, कागदाचा कोपरा न् कोपरा रंगवलेला हवा. आम्ही काही कलाशिक्षक मिळून या नियमांत एकच बदल सुचवतो. कागद कोणताही चालेल, रंग नसले तरी चालतील, चित्र मात्र त्या जागी बसून काढलेले हवे.

असे का म्हणतो, ते या स्पर्धांची चित्रे एकावर एक रचून पाहिली की कळते. देऊळ मधोमध, तळ्याला निळा रंग, डावीकडे पाळणा, उजवीकडे फुगेवाला. तो फुगेवाला मार्गदर्शक पुस्तकातला असतो, होम मैदानावरचा नसतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राची तीच गत. प्रश्न भाजी मंडईचा येवो की बसस्टॉपचा, मुले पाठ केलेली तीन माणसे नेऊन तिथे उभी करतात: एक बसलेले, एक वाकलेले, एक पिशवी धरलेले. यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज, म्हणजे पेलून नेायच्या उंच काठ्या, तर सिमेंटमध्ये रोवल्यासारखे ताठ असतात. एवढी उंच काठी पेलणाऱ्याची पावले किती फाकतात, खांदे किती मागे जातात, नजर कशी वर लागलेली असते, यातले काहीच कागदावर येत नाही.

मुलांना येत नाही म्हणून हे घडते, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. जाड पांढरा कागद एकच मिळतो आणि तो बिघडला की खेळ संपतो. अशा कागदावर मूल हमखास जमणारेच काढणार. शहर म्हणजे माणसे, आणि माणसे हलतात. हलणारे माणूस काढायचे तर पहिले वीस कागद वाया जाणार हे धरूनच बसावे लागते. ते वीस कागद वाया गेल्याचे वाईट वाटणार नाही असेच असावे लागतात. एवढे साधे गणित आहे, आणि त्यावर शहराचे चित्र कसे होणार ते ठरते.

साधन चित्राला वळण लावते, हे खरे तर सोलापूरकराला सांगायला नको. आपल्या चादरीवरचा मोर आधी ग्राफ कागदावर काढला जातो. ग्राफातला एक चौकोन म्हणजे ताणा आणि बाणा एकमेकांवरून जाण्याची एक जागा. त्या ग्राफावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेची, पुठ्ठ्याची कार्डे छिद्रे पाडून तयार होतात. बाण्याच्या एका फेकीला एक कार्ड. इंचाला ताण्याचे धागे जितके, तितकेच बाण्याचे असतील तरच समचौकोनी ग्राफ चालतो. तसे नसेल आणि डिझायनरने साधाच ग्राफ घेतला, तर कागदावर डौलदार दिसणारा मोर चादरीवर बुटका तरी होतो नाहीतर लांबुडका. म्हणून त्या प्रमाणात आखलेला ग्राफ घ्यावा लागतो. मोराची मान कितीही गोल काढली तरी विणताना तिच्या पायऱ्याच होतात. ती पायरीदार मान हीच सोलापुरी चादरीची ओळख, तिला कोणी चूक म्हणत नाही. स्वस्त कागद आणि कोळसा यांच्याही अशाच पायऱ्या असतात. त्या ओळखून काम केले की त्यांतूनच शहर उतरते.

ही गोष्ट काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीमंदिराबाहेर पटचित्रकार गिरणीत तयार झालेल्या पातळ, स्वस्त कागदावर चित्रे काढून यात्रेकरूंना अगदी कमी किमतीत विकत. दिवसाकाठी पुष्कळ चित्रे व्हायला हवीत, म्हणून मागची पार्श्वभूमी त्यांनी सोडूनच दिली. कुंचल्याच्या एका कडेला रंग आणि दुसऱ्या कडेला पाणी घेऊन एकाच फटकाऱ्यात गोलाई आणली. त्या कोऱ्या पार्श्वभूमीवर देवदेवतांच्या जोडीला शहरातला छानछोकी बाबू आला, आणि १८७३ मध्ये गाजलेला तारकेश्वरचा खून खटलाही आला. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात झैनुल आबेदिन यांनी कोलकात्याच्या रस्त्यांवर अन्नावाचून पडलेली माणसे स्वस्त पॅकिंगच्या कागदावर काळ्या शाईने काढली. अर्धवट सुकलेला कुंचला त्या खरखरीत कागदावर ओढला की रेघ तुटत तुटत जाते. बरगड्या आणि चिंध्या दाखवायला त्याहून नेमकी रेघ सापडली नसती. त्याच दुष्काळात चित्तप्रसाद मेदिनीपूर भागात शाईने रेखाटने करत फिरले. त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या, इतकी ती साधी रेखाटने झोंबली.

आपल्याकडचे पाहायचे तर म. वि. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे पोस्टकार्डांसाठी काढली. कार्डाच्या वीतभर जागेत एकदोन माणसांपलीकडे काही मावत नाही, म्हणून सगळा भर उभे राहण्याच्या ढबीवर आणि पेहरावावर. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. दुरून वाचता येणारी जाड, ठाम रेघ तिथे पोटासाठीच लागायची.

आता कोणता कागद कशाला चालतो ते सांगतो, कारण सगळे इथेच अडते.

न्यूजप्रिंट म्हणजे हे पत्र आपण ज्यावर छापाल तोच कागद. चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम वजनाचा, फारशी खळ न दिलेला. छपाई संपत आली की रिळाच्या नळीभोवती काही मीटर कोरा कागद उरतो. तो रद्दीत जाण्याऐवजी शाळेत गेला तर एका वर्गाचे वर्ष निघते. रिळाच्या लांबीच्या दिशेने हा कागद पट्टी लावून सरळ फाटतो, आडवा फाडायला गेलात की वाकडा जातो. तेव्हा आडवे काप सुरीने द्यावेत. परीक्षेच्या पॅडवर एकच कागद ठेवून काढू नये; पॅडचे ओरखडे रेघेत उमटतात. खाली आठदहा कागदांची गादी हवी. पेन्सिल ४बी किंवा ६बी, किंवा सरळ कोळसा. एचबी पेन्सिल हा कागद फाडते. खोडरबर तर वापरूच नये, कागदाला लव सुटते आणि त्या जागी पुढची रेघ मळकट येते. खोडता येत नाही हेच या कागदाचे मोठेपण आहे. चुकलेली रेघ तशीच राहते आणि बरोबर रेघ तिच्या शेजारी येते. चालत्या माणसाच्या पायाला अशा दोनतीन रेघा असल्या की तो माणूस चालतानाच दिसतो.

न्यूजप्रिंटवर शाई फुटते, हे खरे. त्यावर उपाय विणकरांच्या घरातच आहे: खळ. ताण्याला खळ देतात ती धाग्याची लव बसावी आणि त्याला बळ यावे म्हणून. कागदाला दिली की त्याची तहान कमी होते. अर्धा लिटर पाण्यात साबुदाण्याचे पीठ १०-१२ ग्रॅम, आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे. मग मंद आचेवर ढवळत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावे आणि फडक्यातून गाळावे. कागद प्लॅस्टिकच्या सपाट कापडावर पसरून कोमट खळ रुंद कुंचल्याने एकदाच फिरवावी. ओला न्यूजप्रिंट उचलला की फाटतो, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. वाळला की आपोआप सुटतो. खळ दाट झाली तर वाळल्यावर तडकते आणि शाईसकट तिचे पोपडे निघतात. पातळ झाली तर शाई पूर्वीसारखीच फुटते. कोपऱ्यावर एक रेघ मारून पाहावी. कसर लागू नये म्हणून काही जण खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या कामात नको.

वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद आमच्या मते सोलापूरच्या उन्हासाठीच जन्माला आला आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो तेव्हा रस्त्यावर दोनच गोष्टी दिसतात, डोळे दिपवणारा उजेड आणि काळीभोर सावली. पांढऱ्या कागदावर उजेड म्हणजे नुसती रिकामी जागा. खाकी कागदावर मात्र मधला रंग आयताच मिळतो, सावली कोळशाने घालायची आणि ऊन खडूने. कागदाची एक बाजू चकचकीत असते आणि एक खरखरीत. काढायचे खरखरीत बाजूवर. आधी सगळ्या सावल्या एका दमात, भिंती कागदाच्याच रंगाच्या सोडून द्यायच्या, आणि खडू अगदी शेवटी. तोही फक्त जिथे ऊन थेट पडते तिथे: टोपीचा माथा, दुकानाच्या छपराची कड, धोतराचा घोळ. मुले इथे हमखास एक चूक करतात. खडू हातात आला की सगळीकडे घासतात आणि खाकी रंग नाहीसा होतो, त्याच्याबरोबर ऊनही जाते. कोळशावर खडू फिरवला तर राखाडी चिखल होतो, म्हणून दोघांच्या मध्ये कागदाची फट ठेवावी. फळ्याचा खडू कोरडा वापरला तर झडतो. पाच-दहा मिनिटे साखरेच्या पाण्यात बुडवून घेतला तर जास्त उजळ उमटतो आणि धरूनही राहतो. अशी चित्रे ठेवताना मुंग्यांपासून जपावीत.

तिसरा कागद सोलापूर-इचलकरंजीसारख्या विणकरांच्या गावांतच सहज मिळेल असा आहे: जेकार्डची जुनी कार्डे. डिझाईन बंद झाले की किंवा कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले की दोरीत ओवलेल्या कार्डांच्या माळाच्या माळा भंगारात जातात. कार्ड साधारण हातभर लांब, चार बोटे रुंद, दाबून घट्ट केलेल्या पुठ्ठ्याचे. यावर शाई फुटत नाही. बॉलपेन, बोरू, कुंचला सगळे चालते. तेलाचा डाग असेल तिथे मात्र शाई धरत नाही. असे कार्ड बाजूला काढावे किंवा तिथे कोळसा वापरावा. या लांबट पट्टीवर देऊळ मावतच नाही. मावते ती मिरवणूक. पट्टी आडवी धरली की पांढऱ्या बाराबंदीतली माणसांची ओळ, उभी धरली की नंदीध्वजाची काठी. माळेतली सात कार्डे न तोडता तशीच ठेवली तर सात काठ्यांसाठी सात पट्ट्या तयारच आहेत. छिद्रांचे काय करायचे, असा प्रश्न मुले विचारतात. काही करायचे नाही. कोळसा आडवा धरून कार्डावर फिरवला की छिद्रे उजेडाच्या ठिपक्यांसारखी उरतात, आणि गड्ड्यावरच्या दिव्यांच्या ओळी आयत्या मिळतात.

फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूबद्दलही विचारणा होते. तिच्यावर मार्कर चालतो. कोळसा आणि पेन्सिल घसरतात. त्यात वेळ घालवू नये.

कोळसा विकत घ्यायची गरज नाही. चित्रकारांचा उत्तम कोळसा जगभर द्राक्षाच्या वेलीच्या काड्यांपासून करतात, आणि आपला जिल्हा द्राक्षाचा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन वेळा काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ काड्या निवडून साल काढावी आणि बोटभर लांबीचे तुकडे करून दोन आठवडे सावलीत वाळवावेत. ओलसर काडी भट्टीत तडकते. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घेऊन झाकणाला खिळ्याने एकच बारीक भोक पाडावे. काड्या डब्यात ठासून भराव्यात, मोकळी जागा राहिली तर तिथली हवा काड्यांची राख करते. डबा चुलीवर किंवा शेगडीवर ठेवला की भोकातून आधी पांढरी वाफ, मग पिवळसर धूर येतो. धूर पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे डब्याच्या आकाराप्रमाणे पाऊण ते सव्वा तास, आच चालू ठेवावी. आणि यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डबा पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचे नाही. गरम डबा उघडला की आत हवा शिरते, काड्या पेट घेतात आणि सगळी मेहनत राखेत जाते. रात्री भट्टी लावून सकाळी उघडणे उत्तम. काडी मोडून पाहावी. आत तपकिरी रंग असेल तर ती कच्ची राहिली, कागदावर ओरखडे काढेल; ती पुन्हा डब्यात घालता येते. तुराट्यांचाही कोळसा होतो. तो द्राक्षाच्या काडीपेक्षा मऊ असतो आणि लवकर मोडतो, म्हणून बारीक रेघेपेक्षा सावली भरायला बरा. हे सगळे काम मोठ्या माणसाने उघड्यावर करावे.

पेन्सिलीचा इतिहासही टंचाईतूनच आला आहे. इंग्लंडशी युद्ध चालू असताना फ्रान्सला चांगले ग्राफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते याने हलक्या ग्राफाइटची पूड मातीत मळून भाजली आणि १७९५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण वाढवले की पेन्सिल कठीण, कमी केले की मऊ. आज बी आणि एच म्हणतो ते याच प्रमाणावरून. सुताराची चपटी पेन्सिलही एकदा वापरून पाहा. रुंद कडेने भिंत, पातळ कडेने विजेच्या तारा.

बॉलपेनला कलाशिक्षणात उगीच हलके लेखले जाते. त्याची शाई तेलकट आणि दाट असल्यामुळे न्यूजप्रिंटवरही फुटत नाही, आणि दाब कमी-जास्त केला की फिकट ते गडद सगळ्या छटा मिळतात. टोकाशी शाईचा गोळा जमतो, तो दर पाच मिनिटांनी चिंधीला पुसावा. पॅड अगदी उभे धरले की शाई उतरत नाही, तिरके धरावे. बोरूची गोष्ट वेगळी. वाळलेल्या बोरूचे टोक तिरके कापून मधोमध नखाएवढी चीर दिली की तो तयार. त्याच्या पोटात शाई फार थोडी मावते. रेघ ओली आणि गडद सुरू होते, दोन बोटांत कोरडी पडते. लांब रेघ मारताच येत नाही. रेम्ब्राँ आणि व्हॅन गॉग दोघांनीही अशा बोरूने काढलेले आहे, आणि त्यांच्या आखूड, तुटक रेघांचे एक कारण हे साधनही आहे. गर्दीसाठी याहून चांगले साधन नाही: एक फटकारा म्हणजे एक डोके. दुकानात मिळणारी वॉटरप्रूफ काळी शाई मात्र बोरूने किंवा कुंचल्यानेच वापरावी, फाउंटन पेनात भरू नये. तिच्यातला चिकट पदार्थ वाळला की पेन कायमचे बसते.

साधन झाले. आता जागेवर बसल्यावर काय चुकते ते. लक्ष्मी मंडईत किंवा नवी पेठेत उभे राहून काढताना मुले लांबची माणसे कागदावर वर वर चढवत नेतात आणि गर्दी डोंगरावर उभी असल्यासारखी दिसते. सपाट रस्त्यावर आपण उभे असू, तर आपल्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, एकाच आडव्या रेघेवर येतात. बदलतात ती पावले: जवळच्याची खाली, लांबच्याची वर. म्हणून आधी डोळ्यांच्या उंचीची एक फिकट आडवी रेघ मारावी आणि डोकी तिला टांगत जावीत. खाली बसून काढत असाल तर ती रेघ उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपास येते आणि समोर बसलेल्या भाजीवालीच्या डोळ्यांतून जाते. ही एक गोष्ट कळली की अर्धी गर्दी जमली.

चालत्या माणसाचे एकच चित्र पूर्ण करायच्या मागे लागू नये. एका कागदावर पाचसहा माणसे एकदम सुरू करावीत. आधी वजन कोणत्या पायावर आहे ते, मग खांद्याचा आणि कमरेचा उतार, एवढ्या तीन रेघा. माणूस गेला तर जाऊ द्यावा. तशाच ढबीचा दुसरा थोड्या वेळात येतोच. आणि ज्या कामात हालचाल परत परत येते ते काम निवडावे. चहावाला कप भरताना, भाकरी थापणारी बाई, यंत्रमागावर तुटलेला धागा सांधणारा कामगार. विडी वळणाऱ्या बाया याचे उत्तम उदाहरण, आणि या शहरात त्या हजारोंनी आहेत. मांडीवर सूप, सुपात पत्र्याच्या फर्म्याने कापलेली पाने आणि तंबाखू. पान डाव्या हातात, तंबाखूची चिमूट उजव्या, मग अंगठ्यांनी वळणे, टोक दुमडणे, दोरा गुंडाळणे. मजुरी हजार विड्यांवर असल्यामुळे हात थांबत नाहीत. काढणाऱ्याने सगळ्या क्रियेच्या मागे धावू नये. एकच क्षण निवडावा, समजा टोक दुमडण्याचा, आणि तो आला की दोन रेघा, पुन्हा आला की आणखी दोन. दहाबारा विड्यांत हात पूर्ण होतो. फोटो काढून घरी आणला तर हात स्थिर मिळतो, पण अंगठ्यात जोर कुठे आहे ते फोटोत दिसत नाही. आधी विचारावे, मगच काढावे, आणि झाल्यावर त्यांना दाखवावे; नको म्हणाल्या तर वही मिटावी.

यंत्रमागाच्या शेडमध्ये काढणाऱ्यांना एक सूचना. हवेतले सुताचे तंतू ओल्या शाईवर बसतात आणि रेघेला केस फुटतात. तिथे बॉलपेन किंवा पेन्सिलच बरी. कागद दर थोड्या वेळाने झटकावा.

रात्रीच्या गड्ड्यासाठी मेणबत्ती न्यावी, काढण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपलेली माणसे हेन्री मूर यांनी काढली, ती मुलांच्या स्वस्त मेणखडूंवर पातळ जलरंग फिरवून. मेण पाणी धरत नाही, म्हणून अंधारातून माणसे उजळून येतात. पाळण्याचे दिवे, खेळण्यांच्या दुकानांच्या माळा, चेहऱ्यांच्या उजळ कडा हे सगळे आधी मेणबत्तीने काढावे. पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. कागद तिरका करून चमक पाहावी. मग पाण्यात बरीच पातळ केलेली काळी किंवा निळी शाई रुंद कुंचल्याने एका दिशेने फिरवावी. शाई दाट असली तर ती मेणावरही बसते आणि दिवे विझतात. याला न्यूजप्रिंट चालत नाही, ड्रॉइंग पेपर किंवा जेकार्डचे कार्ड घ्यावे.

काढलेले जपायचेही आहे. कोळशाचे चित्र हात लागला की पुसते. साय पूर्ण काढलेले दूध आणि तितकेच पाणी गाळून फवाऱ्यात भरावे, दोन फुटांवरून हलके दोन हात द्यावेत, मध्ये वाळू द्यावे. साय राहिली तर तेलकट डाग पडतात. न्यूजप्रिंट पिवळा पडणारच, लाकडाच्या लगद्यातले लिग्निन उजेडाने तांबूस होते. म्हणून त्याच दिवशी स्कॅन करावे किंवा सावलीत सरळ वरून फोटो घ्यावा, आणि मूळ चित्र बटर पेपरमध्ये, सपाट, अंधारात ठेवावे. एक कळकळीची विनंती: मुलाच्या चित्राला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात घुसते आणि पुन्हा कधी सुटत नाही. शाळाशाळांत कौतुकाने ही चूक होते.

खाली तारीख, वेळ आणि जागा लिहायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. 'लक्ष्मी मंडई, सकाळी ७.२०, मेथीचे ढीग.' १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून इथल्या कित्येक गिरण्या आल्या आणि बंद झाल्या. इमारतींची छायाचित्रे मिळतात, पण आत मागावरच्या माणसाचा हात कसा वळत होता हे सांगणारी रेखाटने शोधत बसावे लागते. आजचे यंत्रमागही बदलत आहेत. वहीतल्या तारीख घातलेल्या पन्नास रेघा उद्या कोणाला तरी लागतील.

आपल्या वृत्तपत्राकडे आमचे दोन आग्रह आहेत. रिळाचा उरलेला कोरा कागद महिन्यातून एकदा मागेल त्या शाळेला द्यावा. आणि गड्ड्याच्या दिवसांत रोज एक जागेवर काढलेले रेखाटन छापावे. त्यासाठी मुलांनी बॉलपेनने किंवा काळ्या शाईने, रेघांचेच चित्र द्यावे. पेन्सिलीची करडी छटा वर्तमानपत्राच्या कागदावर गढूळ होते. चित्र छापायच्या मापाच्या दीडपट काढावे आणि सावलीच्या रेघा फार जवळ जवळ नकोत. छपाईची शाई पसरते आणि त्या एक होऊन काळा ठिपका होतो.

स्पर्धेचे आयोजक आणि शाळा यांनी नियम बदलायचे तर पत्रिका छापण्याआधीच बदलावे लागतील. ज्यांच्याकडे जुनी जेकार्ड कार्डे पडून आहेत अशा कारखानदारांनी ती भंगारात घालण्याआधी जवळच्या शाळेला विचारावे. द्राक्षबागायतदारांना सांगणे एवढेच की ऑक्टोबरची छाटणी झाली की काड्या पेटवण्याआधी एक भारा बाजूला ठेवावा. त्या वाळायला दोन आठवडे, भट्टीला एक रात्र. नोव्हेंबरच्या मध्यात कोळसा मुलांच्या हातात पडला तर संक्रांतीच्या आधी दोन महिने त्यांना मंडईत बसायला मिळतील.

आपले,
काही कलाशिक्षक, सोलापूर